बदकांतला कुरव

कपाट आवरताना दुर्बिणीचं चामडी पाकीट हाती लागलं. त्याला अजून ओलसर, कुबट वास येतो, आणि त्या वासानं मला नव्वदच्या दशकातल्या एका ऑक्टोबरात, नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याकाठी नेऊन उभं केलं. परतीचा पाऊस सकाळपासून झिमझिमत होता. आमच्या पक्षीमंडळात दुर्बीण एकच, आणि ती ज्येष्ठतेनं फिरायची. मी नवखी, त्यातून बाई, म्हणून माझी पाळी सगळ्यांत शेवटी. ती आली तेव्हा बाकीचे पत्र्याच्या शेडखाली भडंग खात बसले होते. उत्तरेकडून नुकत्याच उतरलेल्या बदकांत मला एक मोठा पांढरा पक्षी तरंगताना दिसला. जाड पिवळी चोच, तिचं टोक काळं. "कुरव आलाय," मी हाक मारली. मंडळ चालवणारे सर जागचे हलले नाहीत. "अहो ताई, समुद्रावरचा पक्षी इथं कशाला येईल? नदीसुरय असेल." "सर, सुरय कधी बदकांत पोहत बसतो का?" भडंग खाणारे हात थांबले. सर भिजत आले, त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, तेवढ्यात वरून एक ससाणा गेला आणि सगळी बदकं उठली. त्यांच्यावरून रुंद पंख पसरून तो पांढरा पक्षी सावकाश वळला. सरांनी दुर्बीण खाली घेतली. मग म्हणाले, "कुरवच. इथं मी पहिल्यांदा बघतोय." नवी फेरी सुरू करायला पहिल्या पाळीवाल्याचा हात पुढे आला होता, तरी त्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. ती अजून कुणी परत मागितलेली नाही.