गिअरच्या बुडाचं कापड

नातीच्या गाडीत बसले की माझी नजर गिअरच्या बुडाशी जाते. तिथे चुण्याचुण्यांचं काळं कातडं बसवलंय, खालची धूळ वर येऊ नये म्हणून.

साठ सालच्या आसपास बाबा उरणच्या मिठागरांवर मिठाचा ट्रक चालवायचे. गिअरच्या दांड्याभोवती भलंमोठं भोक होतं. त्यातून गरम वाफ आणि खारा चिखल उडायचा आणि बाबांच्या पायांच्या भेगांत चरचरायचा. शेवटी आईने होडीच्या जुन्या शिडाचा तुकडा घेतला आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसा भोकावर ताणून बसवला, वर दांड्याला घट्ट शिवला.

"आता कण वर यायचा नाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आले ते उंबऱ्यावरच बसले. ट्रक दिवसभर दुसऱ्या गिअरच्या पुढे गेला नव्हता. दांडा तिसऱ्यात रेटला असता तर शिवण उसवली असती. खेपा कमी झाल्या, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. पाय मात्र कोरडे होते.

"उद्या जरा सैल शिव," ते आईला म्हणाले. "दांड्याला हलायला जागाच नाय ठेवली तू."

आम्ही पोरं पोट धरून हसलो. मला बाबा अगदीच भोळे वाटले. एका हिसक्यात फाटलं असतं ते कापड.

आता घर ओढता ओढता मीही दमले आहे. माझी शिवण उसवू नये म्हणून कुणी दिवसभर दुसऱ्या गिअरमध्ये राहिल्याचं मला आठवत नाही.