राजाच्या वेळची चाल

माझ्या मेहुण्याची चाल त्याची नव्हेच, ती राजाच्या वेळची आहे, असं मी चेन्नईच्या एका कंपनीला सहीनिशी लिहून दिलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

ही कंपनी आमच्यासारख्यांच्या नव्या चाली गोळा करते आणि सिनेमावाल्यांना, मालिकावाल्यांना, जाहिरातवाल्यांना लायसन्सवर वापरायला देते. चाल करणाऱ्याचीच राहते. फक्त ती कुणाच्या साबणामागे वाजते, कुणाच्या सासू-सुनेच्या भांडणामागे. मी तंजावुरात वीस वर्षं पोरांना व्हायोलिन शिकवतोय. कंपनीचा पत्ता लागल्यापासून मी तिला सदतीस चाली पाठवल्या होत्या. एकही कुठे वाजली नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये 'मूड' असा रकाना असतो. तिथे मी रागाचं नाव लिहायचो आणि खाली बारीक अक्षरात आरोह-अवरोह. ते तीस सेकंदांचा तुकडा मागायचे. तीस सेकंदांत माझा नुसता षड्ज लागतो.

मेहुणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. तिरुवैयारूला राहतो, विम्याच्या कचेरीत कामाला आहे. ज्या गावात दर दुसऱ्या ओसरीवर कोणीतरी गाणं शिकतंय, तिथे राहूनही हा कोरडाच राहिला. कंपनीची माहिती त्याला मीच दिली, तीही बढाई मारताना. त्याने एका रविवारी स्वयंपाकघरात उभं राहून एक चाल फोनवर गुणगुणली. मागे मोहरी तडतडतेय, तीही रेकॉर्ड झाली. मूडच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'सकाळ, बायको, कॉफी.' महिन्याच्या आत कॉफीच्या एका जाहिरातीला ती पसंत पडली. टीव्हीवर येणार म्हणाले.

त्याने फोन करून सांगितलं आणि वर म्हणाला की हे सगळं तुमच्यामुळे झालं. हे तर फारच लागलं. मी तोंडभर अभिनंदन केलं, आणि त्या संध्याकाळी शिकायला आलेल्या तिन्ही पोरांना पहिल्या दिवशीचे सरळीचे धडे पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावले. एकाच्या आईने विचारलं, काही चुकलं का याचं? चुकलं नव्हतं. मी चार दिवस चहा प्यायलो. तंजावूरचा माणूस कॉफी सोडून चहा पितो तेव्हा घरच्यांनी डॉक्टरकडे न्यायला हवं. बायकोने फक्त साखर जास्त घातली.

पाचव्या दिवशी न राहवून तिरुवैयारूला गेलो. ऐकू तरी, एवढं आहे काय त्यात. जेवताना मेहुण्याने फोन पाटाशेजारी ठेवला आणि चाल लावली. दुसऱ्याच ओळीला माझा हात सांबारात थांबला. ही तर आमच्या घरातली. आई, आत्या, काकू, सगळ्या पाळण्याशी हेच म्हणायच्या. माझ्या लग्नातसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

मी बहिणीला विचारलं, ही कुठली गं? ती म्हणाली, कोण जाणे, मी मुलांना झोपवताना म्हणायचे, कायमची तोंडात बसलीये. मेहुण्याला विचारलं, फॉर्मवर 'स्वतःची की परंपरागत' यातलं काय निवडलंस? तो ताक वाढून घेत म्हणाला, "स्वतःची. बायकोची चाल म्हणजे माझीच की, अण्णा."

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. तंजावुरातल्या मराठी घरांत जी वस्तू कुठून आली ते ठाऊक नाही, ती राजाच्या वेळची, म्हणजे इथे मराठ्यांचं राज्य होतं तेव्हाची. अडकित्ता राजाच्या वेळचा, डांगर पच्चडीची कृती राजाच्या मुदपाकखान्यातली. माझ्या चुलत्यांकडची एक छत्री राजाच्या वेळची होती. तिच्या दांड्यावर कोइमतूरच्या दुकानाचं नाव होतं, तरी. तेव्हा मी घरी येऊन कंपनीला पत्र लिहिलं, त्यात काही खोटं लिहितोय असं मला क्षणभरही वाटलं नाही. सदर चाल राजाच्या वेळची, अडीचशे वर्षं जुनी आहे, मराठा राण्यांच्या पाळण्याशी म्हटली जात असे, ती कोणा एकाची नाही. राण्या मला लिहिता लिहिता सुचल्या. खाली सही केली, सहीखाली 'संगीतशिक्षक'. मग बायकोकडे कॉफी मागितली.

कंपनीने आभार मानले, जाहिरात थांबवली, मेहुण्याला माझ्या पत्राची प्रत पाठवली आणि मला कळवलं की घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांनी याला दुजोरा द्यावा. मेहुण्याने ती प्रत बहिणीच्या हातात दिली. ती सकाळच्या बसने येऊन दारात उभी राहिली. पापनाशमला आत्या आहे, म्हणाली, चल, तिलाच विचारू. बसमध्ये तिने खिडकी घेतली आणि पापनाशम येईपर्यंत भातशेतं बघितली. माझ्याकडे एकदाही नाही.

आत्या ऐंशीच्या पुढची. सुपात शेवग्याचा पाला निवडत बसली होती. तिचं मराठी तमिळच्या हेलात चालतं, त्यामुळे ती रागावली तरी गात असल्यासारखी वाटते. मी चाल म्हणून दाखवली आणि विचारलं, ही राजाच्या वेळचीच ना? तिने पाला बाजूला ठेवला.

"राजाच्या कसली? अरे, ही तुझी."

मला काही कळेना. तीच पुढे सांगू लागली. मी सात वर्षांचा होतो. ही धाकटी पाळण्यात रडत असायची आणि दोरी ओढायचं काम माझ्याकडे. मी ओढता ओढता काहीतरी म्हणायचो. ती झोपायची. मग बायकांनी म्हटलं, झोपतेय ना, तेच म्हणा. आणि सगळ्या तेच म्हणायला लागल्या.

बहिणीकडे बघायला हवं होतं. मी आधी फोन काढला. माझी चाल. सदतीस नाकारल्या, आणि ही पसंत पडली. एकीकडे त्या सात वर्षांच्या पोराचाही मला हेवा वाटला. त्याला तीस सेकंद पुरले होते. तिथेच ओसरीवर बसून मी कंपनीला लिहिलं की पूर्वीचं पत्र रद्द समजावं, चाल माझी स्वतःची आहे, साक्षीदार हजर आहे.

आत्याची कॉफी उकळून डबऱ्यात, त्या पसरट पितळी वाटीत, येईपर्यंत उत्तर आलं. मी ते मोठ्याने वाचलं, कारण बहिणीने तसं सांगितलं. एका महिन्यात या एकाच चालीचे तीन मालक आमच्यासमोर आले: आपले मेहुणे, एक राजा, आणि आता आपण. जाहिरातदाराने दुसरी चाल घेतली आहे. वादातली चाल आम्ही यादीत ठेवत नाही. शुभेच्छा.

आत्याने पुन्हा सूप ओढलं. म्हणाली, लहानपणी बरं करायचास तू, मग संगीत शिकलास.

मी डबरा हातात धरून बसलो. कॉफी कडू होती की नव्हती, आठवत नाही. मी बहिणीला म्हटलं, माझीच होती गं. तिने पदराला हात पुसले.

"अण्णा, जन्मात तुझी एक चाल टीव्हीवर येत होती," ती म्हणाली. "तीही तुला बघवली नाही."