चलाकाकांचा मुक्काम

चलाकाका हे नाव त्यांना प्रवाशांनी दिलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे शेजारीपाजारीच काय, सख्खी पुतणीही तेच म्हणू लागली. उभी हयात त्यांनी एका पर्यटन कंपनीत सहलप्रमुख म्हणून काढली. हातात पिवळी झेंडी, मागे बसभर माणसं आणि तोंडात दिवसभर एकच मंत्र: चला, चला. एका दमात आठ देश. त्यातल्या एका देशात तर ते फक्त जेवायला थांबत. प्रवाशांच्या लेखी तोही देश 'झाला' असे.

घरी परतल्यावर काकू विचारायच्या, "कसं होतं?"

"वेळेवर झालं सगळं," एवढं सांगून काका बॅग उपसायला घ्यायचे. काकू दूरध्वनी केंद्रात कामाला होत्या. जगभरचे फोन त्यांनी एकमेकांना जोडून दिले. स्वतः मात्र कुठे गेल्या नाहीत. त्यांना न्यायचं दरवेळी पुढच्या मोसमावर जाई, आणि मोसमांना काय, ते येतच राहतात.

गंमत अशी, की नात्यातलं कुणी परदेशी निघालं की हेच काका नेमका उलटा उपदेश करत. "आठ कशाला? तीन देश पुरे, तेही एकमेकांना लागून असलेले. एका गावात चार-पाच रात्री तरी पाठ टेका. सीमा दिवसाउजेडी आगगाडीनं ओलांडा, देश बदलताना दिसतो. विमानातून नुसते ढग. पोचल्या दिवशी काही म्हणजे काही बघू नका, जेवा आणि झोपा. बॅग स्वतःला जिन्यावरून नेता येईल एवढीच. बूट नवे नकोत. आणि मधला एक दिवस कोरा ठेवा, त्या दिवशी कपडे धुवा."

"एवढा खर्च करून परदेशात धुणं धुवायचं?" पुतणीनं विचारलं.

"वाळेपर्यंत तरी एका जागी बसाल."

काकू आतून म्हणाल्या, "ही अक्कल कंपनीला कधी शिकवली नाहीत ती?"

"कंपनीला अक्कल नको होती, मी हवा होतो."

हा शहाणपणा त्यांना तळ्याकाठच्या एका गावानं शिकवला होता. दर सहलीत बस तिथं चहा आणि स्वच्छतागृह एवढ्यापुरती थांबे. सगळे उतरत, काका मोजत. सगळे चढत, काका पुन्हा मोजत. बस वळण घेऊ लागली की मागच्या काचेतून पाण्याकाठचं एक रिकामं बाकडं दिसे आणि काकांना भरल्या ताटावरून उठवल्यासारखं होई. आपण गेल्यावर हे गाव काय करत असेल? वर्षानुवर्षं त्या गावात त्यांनी फक्त थांबून पाहिलं होतं, राहून नाही.

निवृत्तीनंतर काका काकूंना घेऊन निघाले. तीन देश, सगळं स्वतःच्याच उपदेशाबरहुकूम. दुसऱ्या देशात ते गाव आलं. बेकरीच्या वरची खोली, खिडकीत अख्खं तळं. पहिल्या दिवशी दोघं जेवून झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांनी गाव पालथं घातलं, आणि काकू कपडे वाळत घालत होत्या तेवढ्यात बोटीची चौकशीही करून आले.

"उद्या पलीकडची दोन गावं करून टाकू."

"तुम्ही करा," काकू म्हणाल्या. "मी बसायला आलेय. बसायला म्हणजे तुमच्याबरोबर. तुम्ही नसताना बसायची सवय मला आहे, त्यासाठी पासपोर्ट काढायची गरज नव्हती."

एवढं बोलून त्या दुखऱ्या पायासाठी आणलेली काठी घेऊन खाली उतरल्या आणि तळ्याकडे गेल्या. काका थोड्या वेळानं निघाले, आपण नेमकं काय चुकीचं बोललो याचा विचार करत. तेवढ्यात चौकात बस येऊन थांबली. कंपनी जुनीच, झेंडी तेवढी केशरी झालेली. माणसं उतरली, चहा प्यायली, पुन्हा चढली. काका लांबून मनातल्या मनात मोजत होते. एक कमी भरलं. सहलप्रमुख पोरगीही दुसऱ्यांदा मोजून रडकुंडीला आली होती. काकांचे पाय आपोआप तिकडे वळले.

"कोण राहिलंय?"

"निळ्या स्वेटरचे आजोबा. आत्ता तर इथे होते."

कुठे बघायचं ते काकांना सांगावं लागलं नाही. आजोबा पाण्याकाठच्या बाकड्यावर होते, काकूंच्या शेजारी. दोघं पाण्याकडे बघत होती. काकांनी तोंड उघडलं आणि सवयीनं तेच बाहेर पडलं, "चला, चला."

आजोबा शाळेतल्या पोरासारखे चटकन उठले, विजार झटकली आणि निघाले. बस वळली तेव्हा मागच्या काचेत निळा स्वेटर दिसला. चेहरा इकडेच होता.

"उठवलंत बिचाऱ्याला," काकू म्हणाल्या.

"बस चुकली असती त्यांची."

"त्यांना ठाऊक होतं. चुकावी म्हणूनच बसले होते."

बसचा आवाज विरला. चौकातल्या वाढप्यानं कप गोळा केले, एप्रन सोडला आणि पायरीवर बसून स्वतःचा पाव खायला घेतला. वर कुणीतरी खिडकी उघडून सतरंजी झटकली. मघाशी प्रवाशांशी गोड हसणारे दोन दुकानदार आता एकमेकांवर खेकसू लागले. गावानं पाहुण्यांसमोरचा चेहरा उतरवून खुंटीला टांगला होता. एवढंच. याहून काहीतरी जास्त असेल असं काकांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. तरी नजर काही केल्या हलेना.

मग ते आजोबांच्या जागी बसले. लाकूड अजून कोमट होतं.

"मी निघून गेल्यावर," त्यांनी विचारलं, "घरात काय असायचं?"

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि ज्यानं विचारायचा तो तेव्हा कुठल्या तरी देशात माणसं मोजत असे.

"पहिले दोन दिवस बरं वाटायचं," त्या म्हणाल्या. "कटकट नसायची. मग दारात कुणाचे पाय वाजले की... सांगते. पण हे एका बैठकीत आटपणारं नाही."

"बरं."

"पहिल्या सहलीपासून सांगू, की शेवटच्या?"

"पहिल्या."

काकूंनी काठी बाजूला टेकवली, चपला काढल्या, दुखरा पाय बाकड्यावर घेतला आणि सुरुवात केली.