तोंड फुटलं!

पिंपरीच्या औषध कारखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा सगळे पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीच्या मागे होते आणि मी एकटी अळ्यांच्या. एरंडाच्या पानावरची अळी टोचली की हिरवट रक्ताचा थेंब येतो. त्यातल्या काही पेशी जखमेकडे धाव घेतात. त्या निघतात कशा, हे मला पाहायचं होतं. पेशी आधी लाडवासारखी गोल असते. मग एका बाजूने पुढे सरते आणि तीच तिची पुढची बाजू ठरते. याला मराठी शब्द सापडेना, म्हणून मी म्हणायची, पेशीला तोंड फुटतं. गळवाला फुटतं तसं.

माझ्या पेशींना मात्र ते काही केल्या फुटेना. साहेब म्हणाले, "बाई, शनिवारपर्यंत एक तरी चालताना दाखवा. नाहीतर सूक्ष्मदर्शक बुरशीवाल्यांना." तो गेला की माझं काम संपलंच. रडू अगदी फुटायला आलं होतं, पण रडायचं ते घरी, असा माझा बाणा.

शनिवारी मरणाची थंडी होती. साहेब आले ते वाफाळता कप घेऊन. चहा प्रयोगशाळेत आणायचा नाही, हा माझा नियम.

"साहेब, चहा बाहेर!" म्हणत मी कप हिसकावलाच. हाताला ऊब लागली आणि डोक्यात प्रकाश पडला. आपण इतके गारठलोय, तर त्या बिचाऱ्या पेशी काय चालणार! मी कप सूक्ष्मदर्शकाला चिकटवून धरला आणि डोळा लावला. बऱ्याच वेळाने एक पेशी फुगली, लांबली आणि जखम म्हणून काचेवर शेजारीच ठेवलेल्या अळीच्या फाटक्या कातडीकडे निघाली.

"फुटलं! साहेब, तोंड फुटलं!"

दार धाडकन उघडलं. आमचे मदतनीस, चाकणकडचे वयस्कर गृहस्थ, कापूस आणि टिंक्चर घेऊन धावत आले.

"कुनाचं फुटलं, बाई? सायबांचं?"

मघाशी माझा चढलेला आवाज त्यांनी ऐकला होता, तेव्हा संशय तसा रास्तच.

साहेबांनी एव्हाना मला बाजूला सारून भिंगाला डोळा लावला होता, तो ते काढेनात. "थांबा हो, चाललीय ती!"

मग मदतनीसांनीही पाहिलं. "व्हय की, निघाली बया!" आणि जरा चाचरत त्यांनी विचारलं, "मंग सायेब, ह्ये यंत्र पलीकडं न्यायचं का न्हाई?"

"राहू दे इथंच," साहेब म्हणाले. "आणि सोमवारपासून बाईंचा चहा आत आणत जा."

माझा नियम माझ्यासमोरच मोडला. मी इतकी हसले, इतकी हसले, की शेवटी तिथेच रडू आलं.