ताईच्या मापाची वाट

कल्पना करा, तुम्हाला एका टेकडीवर वाट करायची आहे. हाताशी एक कुदळ, एक फावडं, थोड्या खुंट्या आणि जुन्या पडद्याच्या चिंध्या. टेकडी फार उंच नाही; धडधाकट माणूस गप्पा मारत माथ्यावर पोचेल. पण तुमची वाट धडधाकट माणसासाठी नाहीच. ती एका म्हाताऱ्या बाईसाठी आहे. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत आणि तिची अट अशी, की हात धरायचा नाही, उचलून न्यायचं तर नावही काढायचं नाही. कुठून सुरुवात कराल? चढ किती ठेवाल? वळण कुठे घ्याल?

माझ्या धाकट्या आत्याने सुरुवात माप घेण्यापासून केली. दुसरं काही तिला सुचलंच नसतं. ती कपडे शिवते.

गळ्यात टेप नाही अशी आत्या मी कधी पाहिलेली नाही. गल्लीतली मुलं तिला ‘टेपआत्या’ म्हणतात आणि ते तिला आवडतं. तिचं दुकान म्हणजे एक खोली. दारातून शिरलं की कापायचं लांब टेबल, त्यावर खडूच्या रेघा. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले शाळेचे गणवेश. कोपऱ्यात इस्त्री आणि तिचा जळका वास. पायमशीन खिडकीला लावलेलं. खिडकीतून घरांची छपरं, मग गवताचा पट्टा, आणि त्यामागे टेकडी.

“डावा खांदा उतरलाय तिचा, बघ,” आत्या मला दाखवायची. “कोट शिवायचा झाला तर त्या बाजूला जाड पॅड घालावं लागेल.”

“टेकडी येणार आहे का कोट शिवायला?”

“आली तर तक्रार घेऊन परत येणार नाही. माझ्या हातचा कपडा आजवर परत आलेला नाही.”

नम्रपणा आत्याच्या कपाटात नाही. आणि मला वाटतं, तिला तो शोभलाही नसता.

ती म्हातारी बाई म्हणजे माझी मोठी आत्या, टेपआत्याची ताई. ताईने तरुणपणी दूध घातलं. गोठा टेकडीच्या अलीकडे, गिऱ्हाइकं पलीकडच्या वस्तीत, मध्ये रस्ता नाही. पाठीला एक कॅन, हातात एक, आणि सरळ टेकडी चढून पलीकडे. आई गेल्यावर धाकटी बहीण तिच्याच पदरात पडली, तेव्हा काही वर्षं पाठीवर कॅनऐवजी ही बसायची आणि दोन्ही कॅन दोन हातांत जायचे. पुढे टेकडीला वळसा घालून रस्ता झाला, दुधाची गाडी सुरू झाली. ताईचे गुडघे मात्र टेकडीने ठेवून घेतले.

आता ताई रोज बहिणीच्या दुकानात येऊन काजं-बटणं करते. ती गल्लीच्या वरच्या टोकाला राहते, दुकान खालच्या टोकाला. सकाळी ती एकटी येते, तीही इतक्या लवकर की आत्या कुलूप काढायला पोचते तेव्हा ती पायरीवर बसलेली असते. संध्याकाळी आत्या तिला घरापर्यंत सोडते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एकदा बटण लावता लावता ताईने खिडकीकडे पाहिलं. “पलीकडची वस्ती केवढी झाली असेल गं आता?”

“जाऊ या की गाडीने. रस्ता आहे.”

“रस्त्याने नुसती पुढची दारं दिसतात. माथ्यावरून अख्खी दिसते. ओढा, गोठे, माझी सगळी गिऱ्हाइकं एका नजरेत.” तिने दातांनी दोरा तोडला. “जाऊ दे. आता खिडकीतूनच बघायची.”

“खुर्चीत बसवून नेऊ तुला. दोघं-तिघं धरतील.”

“मेल्यावर न्या. आजवर मी ओझं वाहिलंय, ओझं होणार नाही.”

आत्याने मशीनचं पायडल नको तितक्या जोरात हाणलं. दुसऱ्या दिवशीपासून तिने ताईचं माप घ्यायला सुरुवात केली आणि ताईला त्याचा पत्ताही लागू दिला नाही.

ते असं. गल्लीचा चढ सगळीकडे सारखा नाही. बेकरीपुढे तो चांगलाच उभा आहे, शाळेच्या फाटकापुढे अगदी हलका. संध्याकाळी ताईला सोडताना आत्या मुद्दाम तिला बोलतं करायची. कुणाची सून, कुणाचा जावई, विषयांना तोटा नव्हता. बेकरीपुढे ताईचं बोलणं वाक्याच्या मध्येच तुटायचं. शाळेपुढे तेच वाक्य पुढे सुरू व्हायचं आणि घरापर्यंत संपायचं नाही.

“शाळेपुढचा चढ तिच्या मापाचा,” आत्याने मला सांगितलं. “तेवढाच टेकडीवर हवाय. तू रस्त्यांचं शिकलीस ना? मग सांग, तो चढ तिथून उचलून इथे कसा आणायचा?”

मला हा प्रश्न फार आवडला. मी तिला गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणून दिली. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं, मग जमीन किती चढली ते टेपने मोजता येतं. शाळेपुढे आम्ही दोघी नळी धरून उभ्या राहिलो तेव्हा फाटकातल्या मुलांनी विचारलं, “टेपआत्या, रस्त्याला काय शिवताय?” ती म्हणाली, “तुमच्या चड्ड्या झाल्या की सांगते.”

मग टेकडी. आत्याने थेट कुदळ घातली नाही. तिने आधी कच्ची टीप घातली. खुंट्या ठोकून त्यांना चिंध्या बांधल्या आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाट नुसती दाखवून ठेवली. सरळ वर गेलं तर चढ बेकरीपेक्षाही वाईट, म्हणून वाट आडवी न्यायची, वळवायची, पुन्हा आडवी न्यायची. “लांब कापड आखूड कमरेत बसवायचं तर काय करतो आपण? चुण्या घालतो,” असं म्हणत ती चुण्या घालत गेली. वाऱ्यावर फडफडणाऱ्या त्या निळ्या-पिवळ्या चिंध्या दुकानाच्या खिडकीतून दिसायच्या. ताई म्हणायची, “कुणी टेकडी वाळत घातलीय बघ.” आत्या मान खाली घालून टीप मारत राहायची.

टेकडीवर मेंढ्या चारणारा एक मेंढपाळ असतो. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, “बाई, टेकडीला गणवेश शिवताय का?”

“तुझ्या मेंढ्यांनी खुंट्या पाडल्या तर त्यांच्या लोकरीचा शिवीन.”

तो हसला, पण दुसऱ्या दिवसापासून मेंढ्या दुसऱ्या अंगाला नेऊ लागला.

दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी आणि रोज सकाळी थोडा वेळ, असं खोदकाम चाललं. वाट अर्धी झाली तेव्हा एक जोराचा पाऊस झाला आणि दोन वळणं वाहून गेली. वाटेवरचं पाणी आतल्या कडेने धावत वळणावर साचलं आणि तिथून माती घेऊन खाली गेलं. मी उपाय शोधत होते, तेवढ्यात आत्या उकिडवी बसून त्या फाटक्या वळणाकडे बघत म्हणाली, “गळा शिवताना वळणावर कापड गोळा होतं. तिथे कातर मारली की ते मोकळं बसतं.” तिने वाट बाहेरच्या बाजूला किंचित कलती केली आणि प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या कडेला दगड लावून छोटे काप ठेवले, पाण्याला सुटायला. पुढचे पाऊस त्या कापांतून निमूट गेले. मी हे माझ्या ऑफिसात सांगितलं, तेव्हा मलाच उगाच उंच झाल्यासारखं वाटलं.

वाट पूर्ण झाली त्या सुट्टीला आत्या ताईला म्हणाली, “चल, पाय मोकळे करू.” ताईच्या घरामागून टेकडीपर्यंत सपाट गवतच आहे. पायथ्याशी आल्यावर ताई थांबली. समोर गवतातून वाट निघालेली, आडवी, सावकाश, जणू तिला कसली घाईच नाही.

“ही कधी झाली?”

“झाली.”

“कुणी केली?”

“तुझ्या मापाची दिसतेय. घालून बघ.”

ताईने तिच्याकडे पाहिलं, हातांवरच्या घट्ट्यांकडे पाहिलं. कात्रीने घट्टे पडतात अंगठ्याला. हे तळव्याला होते. “म्हणून गणवेशांना उशीर होत होता होय,” ती म्हणाली आणि चालू लागली.

ती बोलत चढली. पहिल्या वळणावर शेजारीण झाली, दुसऱ्यावर शेजारणीचा जावई. आत्या एक पाऊल मागे, मी तिच्या मागे. बोलणं तुटलं की आत्या थबकायची. पण ते क्वचितच तुटलं, आणि तुटलं ते हसण्याने. पूर्वी ताई कॅन टेकवायची तो सपाट दगड माथ्यावर तसाच होता. ताई त्यावर बसली. कुणी हात दिला नाही, तिने मागितला नाही.

पलीकडे ओढा चमकत होता. वस्ती दुप्पट झाली होती. ताई बोटाने घरं दाखवायला लागली. हे शाळेच्या शिपायाचं, ते जुळ्यांचं, त्या लाल छपराखाली फार संशयी बाई राहायची, रोज दूध नाकाशी धरून बघायची. “आता तिथे सगळी दांडगी माणसं दिसतायत बघ,” ती म्हणाली. “सगळ्यांची हाडं माझ्या दुधाची.”

आत्याने टेप गळ्यात नीट केला. मी ओळखते, हे ती खूश झाली की करते. “आणि वाट?”

“अंगासरशी बसलीय,” ताई म्हणाली. गल्लीत याहून मोठी शाबासकी नाही.

मग ऊन कलायला लागलं. आत्या उठली. “चला, उतरू.”

ताई उठली नाही.

“काय झालं?”

“उतरायचं काय करणार आहेस?”

“काय म्हणजे? आलो तसं जायचं.”

“आले तसं मला जाता येत नाही गं,” ताई अगदी साध्या आवाजात म्हणाली. “चढताना माझे गुडघे माझं ऐकतात. उतरताना नाही ऐकत. केव्हापासूनच.”

आत्या खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर मी असा भाव कधी पाहिला नव्हता. कापलेल्या कापडावर कात्री चुकली की माणूस जसा आधी मानतच नाही, तसा. “पण तू रोज सकाळी खाली येतेस ना, दुकानात!”

“येते. उलटी येते. भिंत धरून, चढाकडे तोंड करून. म्हणून तर पहाटे येते, गल्ली उठायच्या आत. बेकरीवाली तेवढी बघते. तिला सांगून ठेवलंय, बोललीस तर तुझे पाव नासके म्हणून सांगेन.”

मी मनातल्या मनात नळीला शिव्या दिल्या. नळीला चढ आणि उतार एकच. आत्या तर रोज संध्याकाळी ताईला वर सोडायची. खाली येताना तिने ताईला कधी पाहिलंच नव्हतं.

“अंगात गेला आणि निघेना, असा झगा शिवला मी,” आत्या म्हणाली. “मेंढपाळाला हाक मारते. तो आणि ही पोरगी मिळून तुला—”

“हाक मारलीस तर मी इथेच राहीन,” ताई म्हणाली आणि दगडाला हात टेकून उठली. “तू पुढे हो. खालून सांगत राहा, वळण कुठे, दगड कुठे. वाट तू केलीस, तुला डोळे मिटून माहीत असेल.”

आणि ताई उलटी उतरू लागली. तोंड माथ्याकडे, पाठ पायथ्याकडे, दोन्ही हात बाजूला थोडे पसरलेले. खालून आत्या सांगत होती, “सपाट आहे. ये. आता डावीकडे. कापावर पाय नको ठेवूस. ये.” भिंत नव्हती धरायला, ताई तिच्या आवाजाला धरून येत होती. या वेळी शेजारीण नव्हती, जावई नव्हता. ताई ओठ घट्ट मिटून एकेक पाऊल मागे टाकत होती.

अर्ध्या वाटेवर मेंढपाळ काठी टेकून उभा होता. त्याने दोघींना पाहिलं, टोपी काढली. “आजी, हे कसलं उतरणं?”

ताईने मान वळवली नाही. “या टेकडीला मी कधी पाठ दाखवली नाही. आता काय दाखवू?”

तो हसला नाही. त्याने वाटेत आलेली एक मेंढी हाकलली आणि आम्ही खाली पोचेपर्यंत तिथेच उभा राहिला.

पायथ्याशी ताई वळली, वाटेकडे आणि मग बहिणीकडे बघून म्हणाली, “पुढच्या सुट्टीला पुन्हा.”

आता ती गल्लीतूनही उजेडी उतरते, दुकानं उघडल्यावर, उलटी, सगळ्यांदेखत. बेकरीवाली तिला दारातून वळणं सांगते. कुणी टक लावून पाहिलं तर ताई विचारते, “काय, माप घेतोस का?”

आत्या मात्र अजून शांत बसलेली नाही. परवा मी दुकानात गेले तेव्हा टेबलावर टेकडी खडूने काढलेली होती, आणि माथ्यापासून खाली एक दुसरी रेघ, कच्ची, ठिकठिकाणी पुसून पुन्हा काढलेली. शिवायला आलेला एक कोट बाजूला टाकून ती त्यावर वाकली होती.

“उतरायला वेगळी वाट करायचीय मला,” ती म्हणाली. “तोंड पुढे करून उतरेल अशी. पण मापच मिळत नाही. चढताना बरं होतं, ती गप्प झाली की कळायचं, चढ जास्त झाला. उतरताना ती पहिल्यापासूनच गप्प असते.” तिने खडू कानामागे खोचला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मग माप कशावरून घ्यायचं गं?”