चार सारखे चाकू

आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या बाजूला धेडा असतो. एरवी घरातलाच एखादा लहान मुलगा. मी मात्र हट्टानं कॉलेजातले चौघे मित्र धेडे म्हणून उभे करायचं ठरवलं. त्यांना काय द्यायचं यावर होणाऱ्या बायकोशी माझी फोनवर बरीच वादावादी झाली. "शर्टाचं कापड दे, सगळे तेच देतात," ती म्हणाली. मला कामाची वस्तू द्यायची होती, खिशात राहील अशी.

म्हापशाच्या बाजारात, हत्यारांच्या दुकानात मी अख्खी सकाळ घालवली. पकडी पाहिल्या, टॉर्च पाहिले, पान्ह्यांचे संच उलटेपालटे केले. शेवटी घडीचे चाकू आवडले. लाकडी मूठ, आत एक बारकासा स्क्रू ड्रायव्हर. पात्याच्या खाचेत नख घालून ओढलं की टक्कन उघडायचं. दुकानदार म्हणाला, "स्प्रिंग कडक आहे हां. मूठ घट्ट धरून दुसऱ्या हातानं ओढायचं." मी मान डोलावली. कडक म्हणजे टिकाऊ, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी पेडण्याला आमच्या घरी देवकार्याचं जेवण झालं. पंगत उठल्यावर दारातल्या माटवात, म्हणजे मांडवात, चौघांच्या हातांत डबे दिले. तिघांनी लगेच चाकू उघडले. एकानं तर समोरचा आंबा कापायला घेतला.

चौथा शिरगावचा. खाणी बंद पडल्यावर तो डिचोलीजवळच्या एका कारखान्यात लागला होता, आणि तिथल्या प्रेसमध्ये त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. इस्पितळात मी त्याच्या खाटेशी बसलेलो. तरी हे मला दुकानात आठवलं नाही. तो स्कूटर चालवायचा, कॅरम खेळायचा, त्या हाताबद्दल कधी शब्द काढायचा नाही.

त्यानं मूठ डाव्या तळव्यात अंगठ्यानं दाबून धरली आणि उजव्या हाताच्या नखानं पातं ओढलं. मूठ निसटली. पुन्हा मांडीवर दाबून बघितलं, तेव्हा चाकू खाली पडला. आंबा कापणारा थांबला.

तिथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी पुढं झालो, चाकू उचलला, उघडला आणि लहान मुलाला द्यावा तसा त्याच्या हातात ठेवला.

"बरो आसा," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही. पातं तसंच उघडं ठेवून त्यानं चाकू डब्यात घातला. झाकण बसेना. ते वरच्यावर ठेवून, डबा काखेत मारून तो निघाला.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला देवळाच्या सभागृहात लग्न लागलं. तो वेळेवर आला, माझ्या बाजूला उभा राहिला, फोटोत हसला. मी मात्र अंतरपाटामागेही त्याच्या हाताकडेच बघत होतो, आणि ते त्याला कळत होतं.

आठवड्यानं मी एका हातानं, बटण दाबून उघडणारा चाकू घेऊन शिरगावला गेलो. "ये रे पुता," म्हणत त्याच्या आईनं चहा ठेवला. मी नवा डबा पुढं केला.

त्यानं तो उघडलाच नाही. "बाकीच्यांका पण बदलून दिलंस?"

"नाय."

"मगे माका कित्याक?"

त्याची आई कपबशी घेऊन दारात थांबली होती. मी चहा गरमच घशाखाली घातला आणि डबा परत घेऊन आलो. वाटेत दोनदा वाटलं, मागं फिरावं, माफी मागावी. पण ती तरी कसली मागणार? विसरल्याची, की नको तेव्हा आठवल्याची?

त्यानं येणं सोडलं नाही. चतुर्थीला माटोळी बांधायला नेहमीसारखा हजर. गणपतीच्या वरच्या लाकडी चौकटीला तो नारळ, तवशी, सुपारीचे घोस बांधत होता. सुतळीचं एक टोक अंगठ्याखाली, दुसरं दातांत. तो स्टुलावर, मी खाली उभा. हात पुढं करावा की करू नये, काही ठरेना.

"धरू काय रे?" मी शेवटी विचारलं.

दातांतली सुतळी त्यानं सोडली. "आधी तू असा इचारत नाय होतंस. येऊन धरायचंस."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या स्टुलावर चढलो आणि सुतळी धरली. त्यानं गाठ मारली आणि पुढचा घोस मागितला.