दारोदार पाणी पिणाऱ्या बाई

आमच्या शाळेतल्या यादीवाल्या बाई अनोळखी दारात उभ्या राहिल्या की आधी पाणी मागायच्या. तहान असो नसो. मतदार यादी, जनगणना, शाळेबाहेरच्या मुलांची मोजणी, असली सगळी कामं शिक्षकांच्याच गळ्यात. आम्ही बाकीचे ती उरकायचो. दारातून हाक, नाव, वय, सही, की पुढचं घर. बाई मात्र ओट्यावर बसून पेला रिकामा करायच्या आणि मगच वही उघडायच्या. मी नवा होतो, चेष्टेनं म्हणालो, बाई, मागायचंच तर चहा तरी मागा. त्या म्हणाल्या, "चहासाठी घरच्या बाईले चुलीपाशी जा लागते. पाणी कोणाच्याबी घरी असते."

शाळा वर्ध्याकडच्या आंजीच्या पुढच्या एका खेड्यात. तिथं काही घरं अशी होती, की तिथलं पाणी निम्मं गाव घेत नसे. बाई तिथं दुसरा पेला मागायच्या. त्यावर भाषण नाही, काही नाही. एकदा गोंडांच्या वस्तीवर एका म्हातारीला मराठी येईना आणि बाईंना गोंडी. मी वही मिटली. बाई मात्र तिच्या सुपातली तूर निवडायला बसल्या. अर्ध्या तासानं चार नातवंडांची नावं वहीत होती आणि म्हातारी बाईंच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी समोरच बसलो होतो, तरी हे कसं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बोलण्यात मी मात्र स्वतःला मोठा बहाद्दर समजत होतो. नव्यानं निघालेल्या सायबर कॅफेंचे ते दिवस. दर रविवारी एसटीनं वर्धा गाठायचं आणि जिल्ह्यातल्या लोकांच्या एका गटावर रोमन अक्षरांत मराठीत भांडायचं. सगळे टोपणनावानं. एक इसम तीन महिने माझ्या मागे हात धुऊन लागला होता. मास्तर लोक फुकटचा पगार खातात, माझ्या सातवीतल्या पोरीला भागाकार येत नाही, हे त्याचं पालुपद. एका रविवारी मी ठोकून दिलं, की मीही मास्तर आहे; एवढंच वाटतं तर पोरीला घरी बसवा, शाळेचं काही अडत नाही. सोमवारी ते वाक्य मी शाळेत सगळ्यांना ऐकवलं. हेडमास्तरांनी हसून टाळी दिली. बाईंनी एवढंच विचारलं, त्याचं गाव कोणतं?

मला माहीत नव्हतं.

"तीन महिने झाले भांडून राह्यले, अन् गाव नाई माहीत?" असं म्हणून त्या वर्गावर निघून गेल्या. मला भयंकर राग आला. तिथं गाव-बिव कोण विचारतं, असं मी त्यांना मनातल्या मनात सुनावलं.

त्याच आठवड्यात बाईंच्या सातवीतली एक चुणचुणीत मुलगी येईनाशी झाली. शनिवारी संध्याकाळी बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. वडील वर्ध्यात झेरॉक्सच्या दुकानात कामाला, शिकलेला माणूस. तोंड फुगवूनच दारात आला. बाईंनी पाणी मागितलं. पाणी आणून तो समोर बसला. बाईंनी पोरीचं नावच काढलं नाही. दुकानात गर्दी किती असते, सकाळची गाडी वेळेवर येते का, असंच काहीबाही विचारत राहिल्या. मग तो आपणहून बोलला.

"बाई, तुमच्यावर राग नाई. पण इंटरनेटवर एका मास्तरनंच लिहिलं, पोरीले घरी बसवा, शाळेचं काई अडत नाई. मंग बसवली. पाहू पुढच्या वर्षी."

सातवीत घरी बसलेल्या मुलीचं पुढचं वर्ष कसं असतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सातवीचं गणितही माझ्याकडेच होतं!

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सगळं ओळखलं होतं. हळूच म्हणाल्या, "सर, तुमाले काई बोलाचं हाय ना यायच्याशी?"

पानंच्या पानं मी याच माणसाशी भांडलो होतो. समोर दमलेला माणूस, बोटांवर मशीनच्या शाईचे काळे डाग. कसंबसं म्हणालो, ते मी लिहिलं. चुकलं माझं. तिचा भागाकार मी करून घेतो, तिला पाठवा. तो उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा कानाखाली काढणार. बाई मध्ये पडल्या नाहीत. शेवटी तो म्हणाला, "मीबी काई कमी नाई लिहिलं, सर."

सोमवारी मुलगी आली. बाई पुढं दोन वर्षांनी निवृत्त झाल्या आणि आता त्या नाहीतही. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, चांगली बोलणारी पाहिली, पण समोरच्याला एवढं मोठं करून बोलणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. त्यांची आठवण आली की अजूनही थक्क व्हायला होतं.

ती मुलगी पुलगावला नर्स आहे. मध्यंतरी वर्ध्याच्या स्टेशनवर भेटली. सगळ्यांदेखत वाकून पाया पडली आणि नवऱ्याला म्हणाली, "हे आमचे गणिताचे सर. यायच्यामुळे शिकली मी." खरं काय ते तिला ना बाईंनी कधी सांगितलं, ना तिच्या वडिलांनी.